षट्कोनी पेटी आणि तिचा शिकाऊ



ज्या वाद्याविषयी आज बोलायचे आहे, ते आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिले असेल. जुन्या इंग्रजी चित्रपटात एखादा खलाशी दोन्ही हातांत एक लहानशी षट्कोनी पेटी धरून ती ताणताना आणि दाबताना दिसतो. ती पेटी म्हणजे कॉन्सर्टिना. आपल्या बाजाच्या पेटीची ही चुलत बहीणच म्हणावयास हरकत नाही. दोघींच्याही पोटात एकच करामत आहे. एका टोकाला जखडलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी धातूची पातळ पट्टी, तिच्यावरून वारा गेला की ती थरथरते आणि बोलू लागते. आपल्याकडचे पेटीवाले या पट्टीला 'सूर' असेच म्हणतात. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये देबॅन याने १८४२ साली घेतले. कॉन्सर्टिना लंडनची, आणि वयाने थोडी वडीलच.

वाद्यांचा इतिहास बहुधा ती घडविणाऱ्यांचा आणि ती गाजविणाऱ्या उस्तादांचा लिहिला जातो. मला आज तो शिकाऊ माणसाच्या बाजूने सांगावयाचा आहे. कारण कॉन्सर्टिनाच्या तीन घराण्यांपैकी जे सर्वांत तर्कशुद्ध, ते 'डुएट' घराणे मागे का पडले, हे त्या बाजूने पाहिल्याखेरीज उमगत नाही.

चार्ल्स व्हीटस्टन (१८०२-१८७५) हे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. कुक याच्या साहाय्याने १८३७ साली विद्युत् तारायंत्राचे पेटंट घेणारा तोच हा व्हीटस्टन. घराणे वाद्यविक्रेत्यांचे, डोके ध्वनिशास्त्रज्ञाचे. चिनी लोकांच्या शेंग नावाच्या तोंडवाद्यातील मोकळ्या पट्टीचा त्याने अभ्यास केला होता. १८२९ साली त्याने बटने असलेल्या एका तोंडवाद्याचे पेटंट घेतले. पुढे तोंडाऐवजी भाता आला आणि कॉन्सर्टिना जन्मली. तिच्या सुधारित रूपाचे पेटंट १८४४ चे.

व्हीटस्टनने स्वरांची वाटणी कशी केली पाहा. सा डाव्या हाताला, रे उजव्या, ग पुन्हा डाव्या, म उजव्या, अशी दोन हातांची पाळी. पाश्चात्य स्वरलिपीत रेघेवरचा स्वर डावीकडे आणि रेघांमधल्या जागेतला उजवीकडे, म्हणजे कागद वाचता येणाऱ्याला सोय. परंतु स्वर सात, हात दोन. तेव्हा मध्य सप्तकातला सा डाव्या हाताला आला की तार सप्तकातला सा आपोआप उजव्या हाताला जातो! द्रुत तानांना ही मांडणी फार चांगली. जुलिओ रेगोंडी याने तिच्यावर मैफली गाजविल्या. बेर्लिओझसारख्या संगीतकाराने आपल्या वाद्यवृंदशास्त्राच्या ग्रंथात तिची दखल घेतली आणि तिच्या सुरावटीवर टीकाही केली. कारण आपण ज्या दोन स्वरांना एकच काळी पट्टी देतो, त्यांना या पेटीत काही ठिकाणी दोन निरनिराळी बटने होती. श्रुतींचा वाद काही आपल्याच देशात झाला असे नाही. पण साधी चाल एका हाताने वाजवावी आणि दुसऱ्या हाताने साथ धरावी, एवढी माफक इच्छा मात्र या पेटीवर सहजी पुरी होत नसे. चालच मुळी दोन हातांत फाटलेली.

इकडे जर्मनीत केम्नित्स येथे कार्ल फ्रीड्रिख उलिग याने १८३४ च्या सुमारास वेगळीच युक्ती काढली. एका बटनाला दोन स्वर : भाता दाबला की एक, ओढला की दुसरा. दाबताना सा-ग-प, ओढताना रे-म-ध-नि. शास्त्रज्ञाला ही मांडणी ओबडधोबड वाटेल. पण शेतावरच्या पोराने जत्रेत घेतलेली स्वस्त जर्मन पेटी हातात धरली, शेजारशेजारची तीन बटने दाबली आणि भाता आत ढकलला, की काही न शिकता त्याच्या हातून सुसंवादी ध्वनी निघे! पहिल्याच दिवशी मिळणारे हे बक्षीस लहानसहान नव्हे. इंग्रज कारागिरांनी याच मांडणीत भर घालून तिला 'अँग्लो' हे नाव दिले.

आता तिसरे घराणे. डुएट म्हणजे दोघांचे गाणे. येथे खर्जाकडचे स्वर डाव्या हाताला, वरचे उजव्या हाताला, मधले काही दोन्हीकडे. आणि बटन दाबले असता भाता कोणत्याही दिशेने चालो, स्वर तोच. म्हणजे प्रत्येक बटनामागे एकसारखे दोन सूर बसवावे लागतात. ४८ बटनांच्या पेटीत ९६. उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने साथ. पियानोचा संसार हातात मावेल अशा डब्यात घालावा, असा हा मनसुबा. या दिशेचे प्रयत्न व्हीटस्टनच्या काळीच झाले होते, पण लोकांत रुजली ती जॉन हिल मॅकॅन याने १८८४ साली पेटंट घेतलेली मांडणी. रंगभूमीच्या रीतीप्रमाणे हा गृहस्थ स्वतःला 'प्रोफेसर' म्हणवी. आपल्याकडचे जादूगारही म्हणवीत.

मॅकॅनच्या पेटीपुढे एक नवशिका बसला आहे अशी कल्पना करा. आपल्या पेटीवर डावा हात भाता हलवितो आणि उजवा पट्ट्यांवर चालतो. कामाची वाटणी स्वच्छ. येथे दोन्ही हात चामडी पट्ट्यांत अडकलेले. तेच भाता ओढणार, तेच बटने दाबणार. बटने पेटीच्या दोन बाजूंना, म्हणजे वाजविणाऱ्याला ती दिसतच नाहीत. सगळा कारभार स्पर्शावर. त्यातून मॅकॅनच्या मांडणीत सप्तक बदलले की बोटांची वाटही बदलते. मध्य सप्तकातली चाल बसली म्हणून ती तार सप्तकात त्याच बोटांनी येईल, हा भरवसा नाही. तेव्हा सा-रे-ग-म एकदा नव्हे, प्रत्येक सप्तकासाठी वेगळे शिकावयाचे, आणि तेही दोन हातांना.

याहून खोल अडचण भात्याची. भाता एकच, हात दोन. पियानोवर डाव्या हाताने हळू आणि उजव्याने जोरात वाजविता येते. डुएटवर ते शक्य नाही, कारण दोन्हीकडच्या सुरांना वारा पुरविणारा दाब एकच. खर्जाचे सूर मोठे, त्यांना वारा अधिक लागतो आणि त्यांचा आवाजही भारदस्त. परिणामी नवशिक्याने डाव्या हाताची तीन बटने दाबून धरली की बिचारी चाल त्या गुरगुराटात बुडून जाते. जाणता वादक काय करतो? तो डाव्या हाताचे स्वर धरून ठेवीत नाही, नुसते टिपून सोडतो. तीन स्वरांच्या जागी दोन घेतो, पुष्कळदा एकच. भाता कुठे वळवावयाचा हेही तो आधीच ठरवितो. अँग्लोवर ही चिंता नाही, तिथे स्वरच भात्याला वळवितात. डुएटवर मात्र भाता केव्हाही वळविता येतो, म्हणूनच तो भलत्या ठिकाणी वळतो आणि गाण्याचे वाक्य मध्येच तुटते. डावा हात आवरणे आणि भात्याची वळणे राखणे, या दोन गोष्टी पुस्तकातून कळतात. येतात मात्र कोणी शेजारी बसून दाखविले तरच.

आणि येथेच सगळी मेख आहे. डुएटच्या शिकाऊ माणसाशेजारी बसणार कोण? मोठे वादक होते, नव्हते असे नाही. अलेक्झांडर प्रिन्स (१८७४-१९२८) हा मॅकॅन मांडणीचा वादक. त्याच्या कूचगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजत. पर्सी होन्री तर इंग्लंडातल्या करमणुकीच्या रंगमंदिरांचा लाडका. पण हे एकेकटे शिलेदार होते. प्रिन्सची तबकडी ऐकून एखादा तरुण डुएट विकत घेई, घरी आणी आणि एकटाच तिच्याशी झगडत बसे. त्याच्या गल्लीत दुसरी डुएट असलीच, तर ती त्याच मांडणीची असेल याचीही खात्री नव्हती. कारण १८९६ साली जॉन बटरवर्थ याने आणखी एक मांडणी पेटंट केली. शुद्ध स्वर मधल्या तीन उभ्या ओळींत, आणि विकृत स्वर बाजूच्या दोन ओळींत. लिव्हरपूलच्या क्रेन या दुकानामुळे ती 'क्रेन' म्हणून विकली जाऊ लागली. मॅकॅनपेक्षा ही सोपी, यात शंका नाही. जेफ्रीज घराण्याची डुएट आणखी तिसरी. प्रत्येक कर्ता शिकाऊ माणसाची वाट सुकर करावयाला निघाला होता, आणि प्रत्येकाने त्याला आपापल्या बेटावर नेऊन सोडले. एका मांडणीवर दहा वर्षे घालविलेला माणूस दुसरीपुढे पुन्हा पहिल्या इयत्तेत बसतो!

एका ठिकाणी मात्र डुएटला खरे घर मिळाले, आणि ते संगीतशाळेत नव्हे. मुक्तिफौजेचे नाव आपल्याला नवे नाही. फ्रेडरिक टकर तिची पहिली तुकडी घेऊन १८८२ साली मुंबईच्या किनाऱ्यावर उतरला. इंग्लंडात या फौजेला चौकाचौकांत उभे राहून भजने म्हणावयाची होती. शिंग वाजविणाऱ्याला गाता येत नाही. कॉन्सर्टिनावाल्याचे तोंड मोकळे; शिवाय पेटी काखेत मारून कुठेही नेता येते. फौजेने क्रेन मांडणी स्वीकारली, तिला 'ट्रायम्फ' हे नाव दिले आणि शिकण्याची पुस्तके छापली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नवशिक्याला जुन्याच्या शेजारी उभे केले. भजने ठरलेली, साथीचे स्वर ठरलेले, आणि रविवार चुकत नाही. डुएट शिकून तयार झालेल्या सामान्य माणसांची परंपरा निर्माण झाली ती या चौकांत.

अँग्लोचे नशीब याहून बळकट. १८९९ च्या नाताळात ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टन येथे विल्यम किंबर हा कामगार नर्तकांबरोबर अँग्लो वाजवीत होता. ते सेसिल शार्पने ऐकले आणि इंग्रजी लोकनृत्यांच्या संग्रहाला तेथून चालना मिळाली. आयर्लंडात क्लेअर परगण्यातल्या स्वयंपाकघरांत बायका ती वाजवीत. किलरशची एलिझाबेथ क्रॉटी (१८८५-१९६०) त्यांतलीच. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांनीही अँग्लोच उचलली. या माणसांना कोणी मांडणीचे तर्कशास्त्र सांगितले नव्हते. त्यांच्या घरात, शेजारात, नाचाच्या अंगणात ती वाजत होती, एवढे पुरे झाले. मला तर वाटते, मॅकॅनची मांडणी कितीही वेडीवाकडी असो, क्लेअरच्या स्वयंपाकघरात ती असती तर मुलींनी तीही शिकून टाकली असती.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या १८९६ साली बटरवर्थने पेटंट घेतले, त्याच साली स्वित्झर्लंडमध्ये कास्पर विकी याने एक मांडणी नोंदविली होती, आणि इंग्लंडातल्या डुएटकारांनी तिची दखल घेतली नाही. १९६३ साली ब्रायन हेडन या इंग्रज गृहस्थाने तीच मांडणी स्वतंत्रपणे शोधून काढली. विकीचे नाव त्याला पुढे कळले. ही युक्ती आपल्या श्रोत्यांना एका वाक्यात सांगता येते. एका ओळीत सा-रे-ग, तिच्या वरच्या ओळीत म-प-ध-नि, त्याच्या वर पुन्हा सा-रे-ग. सप्तक बदला, बोटे तीच. आपल्या पेटीवर काळी एकची चीज पांढरी चारमध्ये घेतली की बोटे नव्याने बसवावी लागतात. येथे बटने पुरतील तिथवर सा कुठेही धरा, वाट बदलत नाही.

या मांडणीच्या ३४ बटनांच्या बेताच्या किमतीच्या पेट्या आज मिळतात, आणि डुएट शिकू पाहणारे पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात. जुन्या मॅकॅन पेट्याही विकावयास येतात. कारागिरी उत्तम, आणि मागणी कमी म्हणून त्याच तोडीच्या अँग्लोपेक्षा बहुधा स्वस्त. नवा शिकाऊ दोहोंपैकी कोणतीही घेवो, पहिले काही आठवडे त्याने उजव्या हाताने चाल बसवावी, मग डाव्या हाताने नुसता षड्ज टिपावा, धरून ठेवू नये, आणि भाता वळवावयाचा तो गाणारा जेथे श्वास घेईल तेथेच. हेडनने बोटांची वाट सरळ केली खरी, पण भाता अजून एकच आहे.