यादीत नसलेली नावं : १९६६ चा टेक्सास

दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये याद्या निघतात. त्यांना 'ऑल-कॉन्फरन्स' म्हणतात. हा फुटबॉल आपला नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून, एकमेकांना आडवं पाडत खेळायचा तो. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांची लीग; तेव्हा ती साधारण शेजारपाजारच्या आठ-दहा विद्यापीठांची असायची. सीझन संपला की त्या लीगमधल्या प्रत्येक जागेवरचा सर्वोत्तम खेळाडू निवडायचा, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक संघ कागदावर मांडायचा. हा संघ मैदानात कधीच उतरत नाही. तरीही त्यात नाव येणं ही मोठी गोष्ट असते. पुढे नातवंडांना सांगता येते.

जुन्या याद्यांमध्ये प्रत्येक नावापुढे कंसात काही अक्षरं असतात. एपी म्हणजे असोसिएटेड प्रेस. यूपीआय म्हणजे युनायटेड प्रेस इंटरनॅशनल; आपण चहावाल्याला पैसे पाठवतो ते यूपीआय नव्हे. या दोन वृत्तसंस्थांच्या निवडी वेगवेगळ्या असत, त्यामुळे एखादा खेळाडू एकीच्या पहिल्या संघात आणि दुसरीच्या दुसऱ्या संघात असं व्हायचं. लोक त्यावर तावातावाने भांडायचे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा दिवस टेबलं आणि क्वेऱ्यांमध्ये जातो, त्यामुळे असल्या याद्या मला वाचवतात. पण या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. टेबलमध्ये ज्या ओळी आहेत त्या कुणालाही दिसतात. ज्या ओळी टेबलमध्ये शिरूच दिल्या गेल्या नाहीत, त्यांच्याबद्दल ते टेबल एक शब्दही बोलत नाही. त्या शोधायच्या तर दुसरं टेबल उघडावं लागतं.

म्हणून आज दोन याद्या शेजारी शेजारी ठेवू. दोन्ही १९६६ च्याच सीझनच्या.

पहिली, साउथवेस्ट कॉन्फरन्सची. या लीगमध्ये तेव्हा आठ विद्यापीठं होती. सात टेक्सासमधली : टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक, टेक्सास ख्रिश्चन, बेलर, राइस आणि सदर्न मेथडिस्ट. आठवं शेजारच्या राज्यातलं आर्कान्सा. टेक्सासमध्ये फुटबॉल हा खेळ कमी आणि धर्म जास्त. शुक्रवारी रात्री शाळांच्या मॅचेस, शनिवारी कॉलेजच्या. अख्खं गाव स्टेडियममध्ये. अशा राज्यातल्या 'सर्वोत्तम' खेळाडूंची ही यादी. आणि १९१५ पासून १९६५ पर्यंत, अर्धशतकभर, त्या यादीत एकही कृष्णवर्णीय नाव नाही.

याचं कारण साधं आहे. त्या लीगच्या संघांमध्येच एकही कृष्णवर्णीय फुटबॉलपटू नव्हता. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पदवीच्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १९५६ पासून बसता येत होतं, पण विद्यापीठाच्या क्रीडासंघांचं दार १९६३ च्या अखेरीपर्यंत बंदच राहिलं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या मूळ दानपत्रातच शिक्षण 'गोऱ्यांसाठी' अशी अट होती. ती बदलून घ्यायला साठच्या दशकात कोर्टात जावं लागलं.

मग टेक्सासमधली कृष्णवर्णीय मुलं फुटबॉल खेळत नव्हती का? खेळत होती, आणि जोरात. त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, म्हणून त्यांची शालेय लीगही वेगळी : प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग. गावातलं स्टेडियम शुक्रवारी गोऱ्यांच्या शाळांसाठी राखीव असायचं, म्हणून यांच्या मॅचेस बुधवारी किंवा गुरुवारी रात्री व्हायच्या. विजेतेपदं वेगळी, बक्षिसं वेगळी, याद्याही वेगळ्या. एकाच राज्यात एकाच खेळाची दोन टेबलं होती आणि त्यांच्यात जॉइन करायला परवानगी नव्हती.

आता दुसरी यादी उघडू. बिग टेन कॉन्फरन्स. ही तेव्हा उत्तरेकडची, मिशिगन-ओहायो-इलिनॉय या पट्ट्यातली लीग होती. १९६६ मध्ये तिथे मिशिगन स्टेट विद्यापीठाचा दबदबा होता. प्रशिक्षक डफी डॉहर्टी. त्यांच्या संघाचे दोन्ही कर्णधार, जॉर्ज वेबस्टर आणि क्लिंटन जोन्स, कृष्णवर्णीय. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा मेंदू मानली जाणारी जागा, तिथे जिमी रे, तोही कृष्णवर्णीय. त्या वर्षी नोव्हेंबरात नोत्र दामविरुद्धची त्यांची मॅच १०-१० अशी बरोबरीत सुटली. अमेरिकन लोक आजही ती चघळत बसतात.

त्या वर्षीच्या ऑल-बिग टेन यादीत मिशिगन स्टेटची बरीच नावं आहेत. त्यातली दोन आपल्या कामाची : बबा स्मिथ आणि जीन वॉशिंग्टन. दोघांच्या नावापुढे विद्यापीठ मिशिगनचं आहे. गाव शोधायला गेलं की निघतं टेक्सास.

बबा स्मिथ बोमाँटचा. बोमाँट हे टेक्सासच्या आग्नेय कोपऱ्यातलं तेलाचं शहर, तेव्हाची वस्ती लाखाहून थोडी अधिक. बबाचे वडील तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चार्लटन-पोलार्ड शाळेत फुटबॉल प्रशिक्षक होते. पोरगा साडेसहा फुटांचा, आणि एवढं धूड असून पळायला चपळ. (तुमच्या आईबाबांनी 'पोलिस अकॅडमी' हा सिनेमा पाहिला असेल तर त्यातला तो अगडबंब हायटॉवर म्हणजे हाच.) बोमाँटहून साउथवेस्ट कॉन्फरन्सचं सर्वांत जवळचं विद्यापीठ म्हणजे राइस, गाडीने दीड तास. बबा स्मिथ शिकायला गेला सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, बर्फात.

तो एकटा नव्हता. त्याच बोमाँटमधल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय शाळेत, हेबर्टमध्ये, मेल फार नावाचा मुलगा होता. तो गेला लॉस एंजेलिसला, यूसीएलएमध्ये. १९६६ च्या सीझनमध्ये बबा आणि मेल दोघेही 'ऑल-अमेरिकन' ठरले, म्हणजे कॉन्फरन्सच्याही वरच्या, सबंध देशाच्या यादीत. एका गावातल्या, आणि तेही दोन वेगळ्या काढलेल्या शाळांमधून आलेली ही दोन मुलं.

मार्च १९६७ मध्ये व्यावसायिक संघांचा ड्राफ्ट झाला. ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू उचलतात. जो आधी उचलला जाईल तो जास्त मोलाचा. त्या वर्षी पहिला उचलला गेला बबा स्मिथ. सातवा मेल फार. आठवा जीन वॉशिंग्टन. म्हणजे देशातल्या पहिल्या आठांपैकी तिघे टेक्सासचे कृष्णवर्णीय पोरगे, आणि तिघांपैकी एकही टेक्सासमधल्या कॉलेजात खेळलेला नाही.

हे वाचल्यावर पहिल्या यादीकडे परत पाहा. साउथवेस्ट कॉन्फरन्सची 'सर्वोत्तम' यादी खोटी नव्हती. मतं मोजण्यात कुणी घोळ केला नव्हता, निवडणारे पत्रकार आपापल्या परीने प्रामाणिकही असतील. गाळणी मतदानाच्या कितीतरी आधी लावलेली होती. क्वेरी बरोबर होती, पण ती चालवली गेली आधीच कापलेल्या डेटावर. आपल्याकडे 'मेरिट लिस्ट' म्हटलं की वाद थांबतो. वाद खरं तर तिथून सुरू व्हायला हवा : यादी करायच्या आधी दारावर कोण उभं होतं?

उत्तरेकडचे लोक संत होते असं मात्र समजायला नको. डॉहर्टींना मॅचेस जिंकायच्या होत्या, आणि दक्षिणेने फुकट सोडून दिलेला माल त्यांनी उचलला. पण त्यातून निदान एक पुरावा तयार झाला. टेक्सासच्या यादीत काय गहाळ होतं, ते मिशिगनच्या यादीत छापून आलं.

१९६६ हे वर्ष निवडण्याचं आणखी एक कारण आहे. त्याच सीझनमध्ये पहिल्या यादीत पहिलं कृष्णवर्णीय नाव आलं : जेरी लेव्हायस.

तोही बोमाँटचा. हेबर्ट शाळेचा, मेल फारचा नात्यातला. बारीक चणीचा, भन्नाट वेगाचा, अभ्यासात हुशार. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी नोकरी घेतानाच आपल्याला कृष्णवर्णीय खेळाडू घेऊ द्यायला हवेत अशी अट घातली होती. १९६५ मध्ये त्यांनी लेव्हायसला स्कॉलरशिप दिली. साउथवेस्ट कॉन्फरन्समधली कृष्णवर्णीय फुटबॉलपटूला मिळालेली ही पहिली स्कॉलरशिप. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो मैदानात उतरला सप्टेंबर १९६६ मध्ये. पाठीवर २३ नंबर. आजीच्या सांगण्यावरून, बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रासाठी.

त्या सीझनमध्ये सदर्न मेथडिस्टने कॉन्फरन्स जिंकली, १९४८ नंतर पहिल्यांदाच. ३१ डिसेंबरला कॉटन बोलमध्ये जॉर्जियाकडून २४-९ अशी हार झाली, पण विजेतेपद ते विजेतेपद. लेव्हायस ऑल-कॉन्फरन्स यादीत आला. पुढच्या वर्षीही आला, त्याच्या पुढच्या वर्षीही. त्याला खेळायला मिळाले तीनच सीझन, आणि तिन्ही सीझन तो यादीत होता. एकूण १५५ झेल, २२७५ यार्ड.

आकडे इथे संपतात. आकड्यांत न मावणारं बरंच आहे. धमक्यांची पत्रं यायची. एका मॅचच्या आधी, लपून गोळी घालणार, अशी धमकी आली. लेव्हायसने पुढे सांगितलंय की सुरुवातीला काही सहकारी त्याच्याबरोबर अंघोळीलाही थांबत नसत. १९६८ मध्ये टेक्सास ख्रिश्चनविरुद्धच्या मॅचमध्ये समोरचा खेळाडू त्याच्या तोंडावर थुंकला. लेव्हायस बाहेर आला, हेल्मेट आपटलं, म्हणाला आता बास. फ्राय त्याच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळाने तो उठला, मैदानात परत गेला, चेंडू घेतला आणि ८९ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. मॅच २१-१४ अशी जिंकली.

सिनेमा असता तर इथे संगीत वाजलं असतं. लेव्हायसने मात्र नंतर मुलाखतींमध्ये सांगितलं की त्या धावेचा त्याला अभिमान नाही, कारण ती द्वेषातून आली होती. मला ही गोष्ट त्या ८९ यार्डांपेक्षा मोठी वाटते. यादीत नाव यावं म्हणून त्याने तीन वर्षं काय गिळलं, त्याचा अंदाज या एका वाक्यातून येतो.

आता आणखी एक नाव : जॉन वेस्टब्रूक. बेलर विद्यापीठ. १० सप्टेंबर १९६६ रोजी सिरॅक्यूजविरुद्ध तो मैदानात उतरला, लेव्हायसच्या बरोबर एक आठवडा आधी. साउथवेस्ट कॉन्फरन्सच्या संघाकडून फुटबॉल खेळलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस लेव्हायस नाही, वेस्टब्रूक आहे. तो स्कॉलरशिपशिवाय, स्वतःहून संघात शिरला होता. आधीपासूनच धर्मोपदेशक. पुढे गुडघा गेला. एकटेपणा इतका टोकाला गेला की जीव द्यावासा वाटला होता, हे त्याने नंतर सांगितलं. १९८३ मध्ये तो वारला. ऑल-कॉन्फरन्स यादीत त्याचं नाव कधीच आलं नाही.

पहिला आलेला माणूस यादीत नाही आणि आठवड्याने आलेला आहे, यात कुणावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. लेव्हायस खेळाडू म्हणून फार वरचा होता. पण दार उघडताना नेमकं काय मागितलं जात होतं, ते या दोघांकडे बघून कळतं. आत यायचं तर अद्वितीय असावं लागेल. तसा असशील तर तुझी नोंद होईल आणि लोक थुंकतील. नुसता बऱ्यापैकी असशील तर लोक थुंकतीलच, पण नोंदही होणार नाही. गोऱ्या मुलांना मात्र बऱ्यापैकी असण्याची सवलत पन्नास वर्षं होती. प्रत्येक संघात अशी डझनावारी पोरं असतात, बाकावर बसतात, डिग्री घेतात, नोकरीला लागतात.

लेव्हायसनंतर सगळं सुरळीत झालं असंही नाही. ६ डिसेंबर १९६९ रोजी टेक्सास आणि आर्कान्सा यांच्यात देशातल्या पहिल्या क्रमांकासाठी मॅच झाली. राष्ट्राध्यक्ष निक्सन बघायला हजर होते. टेक्सासने १५-१४ अशी जिंकली. दोन्ही मुख्य संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९७० मध्ये ज्युलियस व्हिटियर टेक्सासच्या संघात आला, तेव्हा तो एकटाच होता. त्यानंतर वेग वाढला. १९७३ मध्ये टेक्सासचा रूझवेल्ट लीक्स ऑल-अमेरिकन झाला. १९७७ मध्ये टेक्सासच्याच अर्ल कॅम्पबेलने हाइसमन ट्रॉफी जिंकली, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान. १९७८ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला उचलला गेला. तो टायलरचा, पूर्व टेक्सासमधल्या गावचा. बबा स्मिथनंतर अकरा वर्षांनी पुन्हा टेक्सासचा एक कृष्णवर्णीय मुलगा पहिला आला, पण या वेळी त्याच्या नावापुढे विद्यापीठही टेक्सासचं होतं.

कॅम्पबेल यादीत दिसतो म्हणून बदल झाला असं म्हणायला सोपं आहे. पण अशा माणसाला अडवणं शेवटी कुणालाच परवडत नाही. खरा बदल मोजायचा तर मी दुसऱ्याच कुणाला शोधेन : साउथवेस्ट कॉन्फरन्सच्या एखाद्या संघात चार वर्षं बहुतेक बाकावर बसलेला, दोन-चार मॅचेस खेळलेला, ज्याच्याबद्दल ना धमकीचं पत्र आलं ना कौतुकाची बातमी, असा एक साधा कृष्णवर्णीय मुलगा. तो कुठल्या वर्षी आला हे कोणत्याही यादीवरून सांगता येत नाही. त्याला यादीत यायची गरज उरली नव्हती.