'जात कहाँ हो' : एका ध्वनिमुद्रिकेचा प्रवास

आवडलेले गाणे एकट्यानेच ऐकून रसिकाचे कधी समाधान होत नाही. ग्रामोफोनच्या काळी घरात नवी तबकडी आली की चार स्नेह्यांना बोलावणे जाई. चावी भरली जाई, सुई टेकवली जाई आणि साडेतीन मिनिटे सारे निःशब्द होत. मग त्यांतला एखादा 'दोन दिवसांकरिता नेतो' म्हणून ती तबकडी घरी नेई. ग्रंथ आणि तबकडी या दोहोंचे खरे मोल असे हातोहाती फिरण्यातच असते. या देवघेवीचा सर्वांत दूरवर पोहोचलेला प्रयत्न इ. स. १९७७ मध्ये अमेरिकेत झाला, आणि त्याचा एक धागा गोव्यातील केरी या गावाशी जुळलेला आहे.

त्या वर्षी २० ऑगस्ट रोजी 'व्हॉयेजर-२' आणि ५ सप्टेंबर रोजी 'व्हॉयेजर-१' ही अवकाशयाने सोडण्यात आली. गुरू, शनी आदी ग्रहांचे निरीक्षण करून ती सूर्यमालेपलीकडे जाणार होती. कधी काळी कोणा बुद्धिमान जीवाच्या हाती ती लागलीच, तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंच व्यासाची तांब्याची एकेक ध्वनिमुद्रिका बसविली गेली. सोबत सुईही ठेवण्यात आली आणि ती कशी वाजवावी हे वेष्टनावर आकृत्यांनी कोरण्यात आले. अधिक मजकूर मावावा म्हणून तिची गती मिनिटाला अवघे १६⅔ फेरे इतकी ठेवलेली होती. पंचावन्न भाषांतील अभिवादने, शंभराहून अधिक चित्रे, पृथ्वीवरील नाना ध्वनी आणि सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत असा तिचा ऐवज. त्या पंचावन्न भाषांत आपली मराठीही आहे. 'नमस्कार' म्हणून ती अज्ञाताला शुभेच्छा देते.

नव्वद मिनिटांत साऱ्या मानवजातीचे संगीत बसवायचे म्हणजे घेण्यापेक्षा टाकण्याचेच काम अधिक. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीला हे काम काही महिन्यांत उरकायचे होते. अॅन ड्रुयन, टिमथी फेरिस ही मंडळी तिच्यात होती, तर लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स आणि संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांचा सल्ला घेतला जात होता. बाख आणि बीथोवन यांच्याविषयी वाद संभवत नव्हता. वाद झाला तो चक बेरी यांच्या 'जॉनी बी. गुड' या १९५८ साली निघालेल्या रॉक गीतावरून. हे संगीत पोरवयाचे आहे, असा लोमॅक्स यांचा आक्षेप होता. या पृथ्वीवर पोरवयाची माणसेही पुष्कळ आहेत, अशा आशयाचे उत्तर सेगन यांनी दिले आणि ते गीत राहिले. सत्तावीस रचनांच्या त्या क्रमात चक बेरी सातवे आहेत. पंचविसाव्या स्थानी आहे भैरवीतील 'जात कहाँ हो'. गायिका, केसरबाई केरकर.

ज्या गायिकेचा स्वर इतका दूर गेला, तिने तो आयुष्यभर अत्यंत जपून वापरला होता. फोंडा तालुक्यातील केरी येथे १८९२ साली केसरबाईंचा जन्म झाला. वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ यांची काही महिने तालीम मिळाली. पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोरांकडे शिक्षण झाले, पण ते खंडित स्वरूपाचे. अखेर १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला गेला आणि खाँसाहेबांच्या १९४६ मधील निधनापर्यंत ती तालीम चालली. एवढ्या सायासाने मिळालेली विद्या कोणीही उचलून न्यावी, हे केसरबाईंना मानवणारे नव्हते. आकाशवाणीपासून त्या दूर राहिल्या. ध्वनिमुद्रिकाही दिल्या त्या मोजक्याच. स्वतः अल्लादियाखाँसाहेबांनी तर आपला आवाज तबकडीवर उतरूच दिला नाही.

या जपणुकीला कृपणता म्हणणे अन्यायाचे होईल. घराण्याची विद्या हीच ज्याची मिळकत, त्याला ती राखावी लागते. शिवाय जयपूर-अत्रौली गायकीचा खरा विस्तार मैफलीतच कळतो. तासाभराचा ख्याल, त्यातील लयीशी गुंफलेल्या आलापांची वीण, एका दमात चढत जाणारी तान यांना साडेतीन मिनिटांच्या चौकटीत कसे कोंडावे? तबकडीविषयी केसरबाईंच्या मनात असलेला संकोच हा केवळ हट्ट नव्हता. त्यात कलेविषयीची जाण होती.

तरीही उरले ते तबकडीवरचेच. रॉबर्ट ब्राऊन यांनी केसरबाईंची ही भैरवी आग्रहाने सुचविली, तेव्हा ती ध्वनिमुद्रिका बाजारात मिळेनाशी झाली होती. अॅन ड्रुयन यांनी पुष्कळ शोध घेतला. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला मेजाखाली पडलेल्या एका खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. त्या खोक्याची कोणी आवराआवर केली असती, तर पृथ्वीच्या त्या निवडीत भारताचा हा स्वर कदाचित नसता.

दुसरे यान सुटल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. मैफलीची सांगता भैरवीने करावी, ही आपली रीत. येथे गायिकेची मैफल संपली आणि तिच्या भैरवीचा प्रवास सुरू झाला. 'व्हॉयेजर-१' ने २०१२ साली आणि 'व्हॉयेजर-२' ने २०१८ साली सौरवाऱ्यांच्या प्रभावाची सीमा ओलांडली. 'कुठे जातेस' असे विचारणाऱ्या बंदिशीला आता उत्तर देणारे कोणी नाही.

गंमत अशी की, दूरच्या ताऱ्यांकडे गेलेली ही ध्वनिमुद्रिका पृथ्वीवरील सामान्य रसिकाला विकत मिळायला फार काळ लागला. तबकड्यांच्या संचाच्या रूपाने ती प्रसिद्ध झाली २०१७ साली, चाळीस वर्षांनंतर. अज्ञातासाठी जे जपले, ते शेजाऱ्याच्या हाती उशिरा आले.

विद्या राखणारा आणि विद्या वाटणारा, असे दोन पक्ष आपल्या परंपरेत नेहमीच होते. केसरबाईंनी राखले नसते, तर त्या भैरवीला ते तेज आले नसते. आणि कोणी ती तबकडीवर उतरवून, साठवून, पुढे दिली नसती, तर ते तेज केवळ आठवणीत उरले असते. कपाटात नीट ठेवणे आणि मागणाऱ्याच्या हाती विश्वासाने देणे, ही दोन्ही कामे एकाच निष्ठेची आहेत. शंभर वर्षे ज्या वास्तूत ती नित्य चालली, तेथील वाचकांना हे निराळे सांगावयास नको.