आवाज राखला, पण कोणाच्या हातीं?

मुंबईची नभोवाणी जन्मतः सरकारी नव्हती. २३ जुलै १९२७ पासून ती 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' ही खासगी संस्था चालवी. दीड किलोवॅटच्या त्या केंद्राचा आवाज साध्या स्फटिकयंत्रावर सुमारें ३० मैल पोहोंचे. बंदरापलीकडचीं उरण-अलिबाग त्याच टापूंतलीं. परवान्याच्या १० रुपयांपैकीं ८ कंपनीस मिळत. तेवढ्यानें खर्च भागेना. १ मार्च १९३० रोजीं कंपनी मोडली. श्रोत्यांनीं व व्यापाऱ्यांनीं गाऱ्हाणें घातलें, तेव्हां १ एप्रिलपासून सरकारनें केंद्र हातीं घेतलें. ऑक्टोबर १९३१ मध्यें काटकसरीस्तव तें बंद करण्याचें ठरलें. पुन्हां ओरड झाली, आणि नोव्हेंबरांत बेत फिरला. मूठभर श्रोत्यांनीं आवाज वाचविला. मात्र तो सरकारी होऊन वाचला. राखलेली वस्तु कोणाच्या स्वाधीन होते, हेंही राखणारानें पाहावयास हवें.