लाल रेघेची वंशावळ

संगणकावर मराठी लिहिताना पानावर लाल नागमोडी रेघांची गर्दी होते. आडनाव लिहा, रेघ. गावाचे नाव लिहा, रेघ. ‘शाळेसमोरच्यांनाही’ असा अगदी शुद्ध शब्द लिहा, तरी रेघ. नसलेल्या चुकांचे हे इशारे कुठून येतात, हे पाहायचे तर रेघेच्या पूर्वजांपर्यंत जावे लागते. तिथे एक गोष्ट लख्ख दिसते. या यंत्रणेने शब्द बरोबर आहे की चूक, हे कधी ठरवलेच नाही. तो आपल्या यादीत आहे का, एवढेच तिने पाहिले.

मूळपुरुष १९६१चा. अमेरिकेत लेस अर्नेस्ट हाताने लिहिलेली जोडलिपी संगणकाला वाचायला शिकवत होते. अक्षर नीट लागत नसे, म्हणून त्यांनी १०,००० नेहमीच्या शब्दांची यादी मदतीला दिली. म्हणजे यादी आली ती लेखकाच्या चुका काढायला नव्हे, यंत्राचा अंदाज सावरायला. १९६४ मध्ये फ्रेडरिक डॅमेरो यांनी दाखवले की ८० टक्क्यांहून अधिक चुकांत एकच अक्षर गळलेले, वाढलेले, बदललेले किंवा शेजारच्याशी अदलाबदल झालेले असते. १९७१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नेस्ट यांचे विद्यार्थी राल्फ गोरिन यांनी ‘स्पेल’ हा प्रोग्राम लिहिला. यादीबाहेरच्या शब्दासाठी तो एका अक्षराच्या फरकाचे जवळचे शब्दही सुचवू लागला.

पुढची पिढी बेल लॅब्जमधली. १९७५ मध्ये स्टीफन जॉन्सन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीसाठी साधा स्पेल लिहिला: मजकुराचे शब्द सुटे करा, क्रमाने लावा, शब्दकोशाशी ताडून पाहा. डग मॅकइलरॉय यांनी तो हाती घेतला, तेव्हा अडचण होती ती ६४ किलोबाइट स्मृतीची. तेवढ्यात त्यांनी सुमारे ३०,००० शब्द बसवले, ते प्रत्यय सोलून मूळ शब्द शोधण्याच्या नियमांच्या बळावर. या नियमांच्या फटीतून निसटणाऱ्या चुकांसाठी वेगळी यादी ठेवली. पानाच्या मांडणीच्या आज्ञा चुका म्हणून पुढे येऊ नयेत, यासाठी त्या आधीच गाळल्या जात. आणि प्रोग्रामने अडवलेले शब्द एका नोंदफाइलमध्ये साठवण्याची सोय होती, म्हणजे यादी सुधारताना ते हाताशी राहत. खोटा इशारा हा यादी वाढवण्याचा कच्चा माल आहे, हे त्या लोकांनी इतक्या लवकर ओळखले होते.

मग यादी मोठी का करू नये? १९८६ मध्ये जेम्स पीटरसन यांनी सावध केले. शब्द जितके जास्त, तितकी एखादी चूक दुसऱ्या खऱ्या शब्दाचे रूप घेऊन निसटण्याची शक्यता जास्त. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ आठवावेत. दोन्ही रूपे यादीत असली की रेघ उमटत नाही. तीन वर्षांनी डॅमेरो आणि मेज यांनी सुमारे २.२ कोटी शब्दांचा मजकूर तपासून उत्तर दिले. वारंवारतेनुसार लावलेली यादी ५०,००० वरून ६०,००० शब्दांवर नेली, तर १,३४८ खोटे इशारे टळले आणि नव्याने निसटलेल्या चुका फक्त २३ होत्या. वापरातले शब्द यादीत घेणे फायद्याचेच असते, याचा हा आकड्यांतला पुरावा.

१९९५च्या वर्डने या सगळ्याला आजचे रूप दिले. तोवर तपासणी सहसा लेखन संपल्यावर होई. आता वाक्य पुरे होण्याआधीच लाल रेघ उमटू लागली आणि ती निकालासारखी वाटू लागली. निकाल मुकाट्याने मानला की काय होते, हे युरोपीय संघाच्या कागदपत्रांत दिसले. काही शब्दकोशांत इंग्रजी ‘को-ऑपरेशन’ फक्त जोडरेघेसह होता. बिनरेघेच्या, पूर्ण बरोबर रूपाच्या जागी तपासनिसाने कॅलिफोर्नियातले ‘क्युपर्टिनो’ गाव सुचवले आणि ते छापलेही गेले.

मराठीपर्यंत येणारी शाखा वेगळी आहे. आयस्पेल या तपासनिसात जेफ क्युनिंग यांनी शब्दयादी आणि प्रत्ययांचे नियम वेगवेगळ्या फाइलींत ठेवले. त्यातून मायस्पेल आणि त्यातून लास्लो नेमेथ यांचा हनस्पेल आला. तो प्रत्ययांनी लगडलेल्या हंगेरियनसाठी घडला आणि पुढे लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम यांत पोचला. तो एकावर एक असे दोन प्रत्यय सोलू शकतो. ‘शाळेसमोरच्यांनाही’मध्ये आधी ‘शाळा’चे सामान्यरूप ‘शाळे’ होते, मग ‘समोर’, ‘च्या’, ‘ना’, ‘ही’ असे थर चढतात. हे थर आधीच जोडून नियमांत लिहिले नसतील, तर शुद्ध शब्दाखाली रेघ येणारच.

आणखी दोन कारणे खास आपली. १९६२च्या लेखननियमांनी ‘नाहीं’वरचा अनुस्वार काढला आणि ‘कवि’चा ‘कवी’ केला. त्यामुळे जुने पुस्तक जसेच्या तसे टंकित केले, तर त्या काळी शुद्ध असलेले पान लालेलाल होते. दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो. पडद्यावर फरक नाही, पण यादीत एकच रीत असली की दुसरी अडते.

हे कळले की उपाय सुचतात. अहिराणी किंवा मालवणी संवादांची तपासणी त्या मजकुरापुरती बंद ठेवावी. पात्रांची आणि गावांची नावे त्या पुस्तकाच्या स्वतंत्र शब्दकोशात टाकावीत. शब्द जोडण्यापूर्वी त्याचे ऱ्हस्व-दीर्घ पक्के पाहावे, कारण यादीत गेलेली चूक पुन्हा कधी अडवली जात नाही. आणि रेघ घालवण्यासाठी आपला शब्द बदलू नये.

पण एकेकट्याच्या यंत्रात साठलेले शब्द इतरांच्या उपयोगी पडत नाहीत. मराठी वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था आणि विद्यापीठे यांच्याकडे मुद्रितशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेले शब्द आहेत. ते मुक्त शब्दयाद्यांना द्यावेत आणि प्रत्ययांचे नियम लिहायला व्याकरणाच्या अभ्यासकांनी बसावे. इंग्रजीची यादी अशीच, अडवलेला एकेक शब्द पारखून आत घेत, मोठी झाली. मराठीची यादीही वापरणाऱ्यांनीच वाढवायची आहे.