एका बाजूचा ब्रेक

कॅन-ॲम स्पायडर ही तीनचाकी मोटरसायकल २००७ साली आली आणि ती चालवणाऱ्यांमध्ये तेव्हा पेटलेलं भांडण अजून विझलेलं नाही. पुढे दोन चाकं, मागे एक. वळणात ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळला की आतल्या बाजूचं पुढचं चाक हलकं पडतं, उचलू पाहतं. त्याच क्षणी इंजिनाचा आवाज बसतो, बाहेरच्या चाकाचा ब्रेक आपोआप लागतो आणि गाडी मुकाट्याने थोडं रुंद वळण घेते. एक पक्ष म्हणतो, जीव वाचला. दुसरा म्हणतो, ऐन रंगात आलो आणि हिने कान धरला. या यंत्रणेला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलला, दुसरा पक्ष 'नॅनी' म्हणतो. ती बंद करायचं बटण स्पायडरवर नाही, हे त्यांचं खरं दुखणं.

या नॅनीचं माहेर जर्मनीत, बॉशच्या प्रयोगशाळेत, असं सगळे सांगतात. माझ्या मते ते शेताच्या बांधावर आहे.

आपल्याकडचा कुठलाही मॅसी किंवा महिंद्रा ट्रॅक्टर घ्या. ड्रायव्हरच्या उजव्या पायाशी ब्रेकची दोन पेडलं शेजारी शेजारी असतात: डावं मागच्या डाव्या चाकाचं, उजवं उजव्याचं. नांगरताना तास संपलं, बांध आला की तो स्टीअरिंग पूर्ण फिरवतो. पण भुसभुशीत मातीत पुढची चाकं वळलेली असूनही फरफटत सरळच निघतात. मग तो आतल्या बाजूचं पेडल दाबतो. ते चाक अडतं, डिफरन्शियल सगळा फेरा बाहेरच्या चाकाला देतो आणि ट्रॅक्टर तिथल्या तिथे गर्रकन फिरतो. डांबरी रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडलं खटक्याने एकमेकांना जोडायची असतात. खटका राहिला आणि वेगात एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर कलंडतो.

आता मोटारीतली यंत्रणा बघा. पुढची चाकं वळूनही गाडी सरळ जाऊ लागली तर ती आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला तर बाहेरच्या पुढच्या चाकाला. पहिली कृती म्हणजे बांधावरच्या ट्रॅक्टरवाल्याचा पाय, जसाच्या तसा. एका बाजूचा ब्रेक गाडीला थांबवण्याआधी फिरवतो, हे ज्ञान आधी शेतात होतं. रस्त्यावर ते फार उशिरा आलं.

माझ्या या मांडणीला प्रतिस्पर्धी दोन आहेत, आणि दोन्ही तगडे.

पहिला पक्ष एबीएसचा. त्यांची वंशावळ विमानापासून सुरू होते. उतरताना चाक लॉक होऊन टायर फुटू नये म्हणून डनलॉपने मॅक्सरेट नावाची यांत्रिक युक्ती काढली आणि १९५०च्या दशकात ती विमानांवर बसली. मग १९७८ साली बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीज एस-क्लासमध्ये आलं, १९९५ साली त्याच गाडीत ईएसपी, म्हणजेच स्टॅबिलिटी कंट्रोल. प्रत्येक चाकाचा ब्रेक सुटा चालवणारे व्हॉल्व्ह एबीएसने आधीच आणून ठेवले होते, वर चार सेन्सर चढवले, झालं. ही मांडणी सरळ आहे. पण तिच्यात १९५०चं दशक आणि १९७८ यांच्यामधलं एक घर वगळलं जातं, आणि मी अडखळलो ते नेमकं तिथे.

१९६६ साली इंग्लंडमध्ये जेन्सन एफएफ नावाची मोटार आली. चारही चाकांना ताकद आणि सोबत मॅक्सरेट अँटीलॉक ब्रेक असलेली ही पहिली उत्पादित मोटार. 'एफएफ' म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. हा फर्ग्युसन कोण? हॅरी फर्ग्युसन. ज्याच्या आडनावातून आपल्या गावोगावच्या 'मॅसी'चं अर्धं नाव, मॅसी फर्ग्युसन, तयार झालं तो. १९०९च्या ३१ डिसेंबरला आयर्लंडमध्ये पहिलं विमान उडवणारा हा माणूस पुढे ट्रॅक्टरकडे वळला. त्या काळी नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलथायचा आणि चालवणारा खाली चिरडायचा. फर्ग्युसनने अवजार तीन सांध्यांवर आणि हायड्रॉलिक्सवर असं बांधलं, की अवजार अडलं की त्याचाच जोर ट्रॅक्टरचं नाक खाली दाबे. १९६० साली तो वारला, पण त्याच्या संशोधन कंपनीने तोच हट्ट मोटारीत चालवला: चाकांचा जमिनीवरचा ताबा यंत्राने राखायचा. म्हणजे एबीएसवाल्यांची वंशावळ विमानातून रस्त्यावर उतरते तीसुद्धा ट्रॅक्टरवाल्याच्या अंगणातून.

दुसरा पक्ष जायरोस्कोपचा. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे हे कळल्याशिवाय सगळं व्यर्थ, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे गोष्टीही सुरेख आहेत. १८९० साली जॉर्ज ब्रायन या गणितज्ञाने काचेच्या पेल्याचा एक गुण मांडला. पेला टिचकीने वाजवून वाजता वाजता फिरवला की त्याच्या कंपनाची नक्षी पेल्याइतकी फिरत नाही, थोडी मागे राहते. ती किती मागे राहिली हे मोजलं की फिरण्याचा वेग कळला. बॉशच्या पहिल्या ईएसपीमधला सेन्सर हाच पेला होता: थरथरणारं पोकळ धातूचं नळकांडं, अंगावर पिझो स्फटिकांचे तुकडे डकवलेलं. मर्सिडीजवाले आणखी एक गोष्ट सांगतात. फ्रँक-वेर्नर मोन हा त्यांचा अभियंता १९८९ साली स्वीडनमध्ये बर्फावरून घसरून चरात गेला, आणि सुरुवातीच्या प्रयोगासाठी त्याने खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा जायरोस्कोप वापरला. माशीच्या पंखांमागच्या इवल्या गाठीही याच तत्त्वावर थरथरत तिचा तोल राखतात, तेव्हा हा पक्ष उत्क्रांतीपर्यंत मागे जाऊ शकतो.

तरी मला तो पटत नाही. जायरोस्कोपमुळे गाडीला कळतं. पण कळतं आणि वळत नाही, याचा अनुभव कुणाला नाही? वळवण्याचं काम ब्रेकने केलं, तेही एका बाजूच्या ब्रेकने. कळण्याची साधनं बदलत गेली, नळकांड्याच्या जागी सिलिकॉनचा कण आला. वळवण्याची रीत तीच राहिली.

आणि ही रीत किती जुनी, किती रांगडी आहे याचा पुरावा १९९७ साली अगदी झगझगीत ठिकाणी मिळाला. फॉर्म्युला वनमधल्या मॅकलारेनच्या गाड्या वळणातून बाहेर पडताना, इंजिनाचा जोर पूर्ण लागलेला असताना, मागची ब्रेक-डिस्क लाल होते हे छायाचित्रकार डॅरेन हीथला खटकलं. नुर्बर्गरिंगला दोन्ही मॅकलारेन बंद पडल्या तेव्हा त्याने कॉकपिटमध्ये कॅमेरा घालून पायाशी काय आहे ते टिपलं: ब्रेकचं एक जादा पेडल. ते मागच्या एकाच चाकाला लागायचं. पुढच्या वर्षी ब्राझीलच्या शर्यतीत फेरारीने हरकत घेतली आणि पंचांनी ती उचलून धरली: हा ब्रेक नव्हे, हे स्टीअरिंग आहे! माझ्या कुळकथेला याहून मोठी साक्ष कुठली? शर्यतीच्या पंचांनी जे हेरलं ते आपला ट्रॅक्टरवाला बांधावर रोज करत होता. आणि त्याच १९९७च्या ऑक्टोबरात, एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास अचानक आलेला अडथळा चुकवताना उलटली, तेव्हा कंपनीने त्या छोट्या गाडीत सरसकट ईएसपी बसवलं. मॅकलारेनला इंजिन देणारीही मर्सिडीजच. शर्यतीत माणसाच्या पायाने केलं की बंदी, रस्त्यावर संगणकाने केलं की सुरक्षा!

माझ्या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांना. स्पायडरला मागे एकच चाक. मग नातं जुळतं कसं? ते जुळतं बाजूंमुळे. दुचाकीची दोन्ही चाकं एका रेषेत, तिला डावी-उजवी बाजूच नाही. म्हणून बॉशने केटीएम ११९० ॲडव्हेंचरसाठी जी यंत्रणा बनवली ती मोटरसायकल किती झुकली आहे हे बघून ब्रेक आणि ताकद आवरते. एका बाजूला ब्रेक लावून तिला फिरवू शकत नाही. तिसरं चाक आलं की बाजू आली, आणि बाजू आली की ट्रॅक्टरचं पेडल लागू झालं. चाक पुढे वाढलं की मागे, हा तपशील.

अर्थात हा तपशील जिवावरचा आहे. ज्या तीनचाकीला पुढे एकच चाक, तिचा वळणात ब्रेक दाबला की भार त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे धावतो. आपली रिक्षा त्याच जातीची. होंडाने १९७० साली आणलेली तीनचाकी एटीसीही तशीच. अमेरिकेत अपघातांचा गदारोळ झाला आणि १९८८च्या करारानंतर नव्या तीनचाकी एटीव्हींची विक्री तिथे थांबली. स्पायडरचा त्रिकोण उलटा, ब्रेक लावला की भार रुंद बाजूला येतो. पण चालवणारा उंच बसतो, झुकत नाही, आणि वळणात जोर वाढवला की भार मागच्या एकट्या चाकाकडे सरकतो. नॅनी जागी होते ती बरोबर तेव्हा. मॉर्गनची तीनचाकी शंभर वर्षं नॅनीविना धावली, असा दाखला विरोधक देतात. पण मॉर्गनमध्ये माणूस जमिनीलगत बसतो. स्पायडरवर तो खोगिरावर असतो.

स्पायडर बनवणाऱ्या कॅन-ॲमचं मूळ घराणं बॉम्बार्डियर, आणि तिचा घाटही त्याच घरचा. जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियरचा लहान मुलगा १९३४च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे दवाखान्यात पोहोचू शकला नाही आणि दगावला. बापाने बर्फावर चालणारी वाहनं केली. १९५९ची स्की-डू ही त्यांतली सगळ्यांत गाजलेली. पुढे दोन स्की, मागे एक पट्टा: स्कींच्या जागी चाकं घाला, स्पायडर तयार. याच घराण्याने १९५३ साली मस्केग नावाचा पट्ट्यांचा ट्रॅक्टरही काढला. पट्ट्यांचं वाहन वळतं ते एका बाजूचा पट्टा मंद करून. ज्या कारखान्यात हे घरचं ज्ञान, तिथे बॉशची यंत्रणा परकी वाटली असेल यावर माझा विश्वास नाही.

राहिला भांडणाचा निकाल. अमेरिकेने एप्रिल २००७मध्ये मोटारींना ही यंत्रणा सक्तीची करायचं ठरवलं. त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार एकट्या गाडीचे अपघात मोटारींत ३४ टक्के आणि एसयूव्हींत ५९ टक्के कमी होणार होते. तीनचाकी मोटरसायकल ठरते, म्हणून तिला ती सक्ती नाही. कॅन-ॲमने ती स्वतःहून बसवली आणि पुढे आपल्याच रायकर रॅली या तीनचाकीत एक मोड देऊन लगाम थोडा सैल सोडला. गाडीला वळणात कलू न देणारा जाड अँटीरोल बार लावून नॅनीची जाग लांबवणारे रायडर पुष्कळ आहेत. त्यांना माझं एकच सांगणं: बंद करायचं बटण मागू नका. स्पायडरला ब्रेकचं एकच पेडल आहे, तिन्ही चाकांना मिळून. हाताशी लिव्हर नाही. यंत्रणा बंद केली तर बाजूचा ब्रेक कुणाच्याच ताब्यात राहणार नाही. मागायचंच असेल तर दुसरं पेडल मागा. ते ट्रॅक्टरवाल्याला मिळालं आहे, आणि ते कधी जोडायचं हेही त्याला शिकवलेलं आहे.