सोळा रुपयांचा मतदार

धामापूरच्या तलावाकाठी उभा राहिलो की मला एकच प्रश्न पडतो. १५३० साली बांधलेल्या या तलावाचे पाणी कोणत्या शेतात जायचे, हे ठरवताना शब्द कोणाचा चालत असेल? मताधिकाराच्या इतिहासाकडे मी याच प्रश्नातून पाहतो.

मालवण तालुका १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९१९ च्या सुधारणांनी मुंबई इलाख्यातील ग्रामीण मतदार मुख्यतः शेतसाऱ्यावरून ठरवला. बहुतेक जिल्ह्यांत अट ३२ रुपयांची होती. गरीब रत्नागिरीसाठी ती १६ रुपये. सरकारला ही सवलत वाटली. पण ज्याच्यापाशी जमिनीचा तुकडाच नव्हता, त्याला सोळा काय आणि बत्तीस काय! मोजली गेली ती जमीन; माणूस मोजलाच गेला नाही. १९२१ मध्ये इलाख्यातील स्त्रियांवरील बंदी उठली, तरी ही मालमत्तेची भिंत उभीच राहिली.

२७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताची पात्रता खाली आणण्याची मागणी केली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे ते प्रौढ मताधिकारापर्यंत पोहोचले. सामूहिक जीवनाच्या अटी ठरवण्याचा हक्क म्हणजे मत. म्हणून ज्याची बाजू दुबळी, त्यालाच त्याची गरज अधिक, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

१९३५ च्या कायद्याने साऱ्याची अट ८ रुपयांवर आली. अनुसूचित जातींतील साक्षरांना आणि कनिष्ठ गावकामगारांनाही मत मिळाले. इतिहासाचा उपरोध पाहा! ज्या महारकीने आपल्या माणसांना वेठीला धरले, जी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच विधेयक मांडले होते, तीच मतदारयादीतला दाखला ठरली. पण त्या अपुऱ्या मतानेही काम केले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष कायदेमंडळात गेला आणि १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. खोती कायद्याने संपवायला १९४९ साल उजाडावे लागले.

संविधानाच्या ३२६ व्या कलमाने सारा, शिक्षण, वतन या साऱ्या अटी पुसल्या. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत अनुसूचित जाती आणि स्त्रियांच्या राखीव जागांना घटनेचा आधार मिळाला. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला.

शिक्षक म्हणून मी मतदानकेंद्रांवर कामे केली आहेत. खोताच्या नातवाच्या आणि महाराच्या नातीच्या बोटाला एकाच बाटलीतली शाई लावली आहे. पण एका गावी राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईंच्या घरी सहीसाठी वही पाठवली जाते, हेही पाहिले आहे. ठराव आधीच लिहिलेला. बाईंनी फक्त सही करायची.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे : मतदानाच्या दिवशी माणसे केंद्रावर नेता, तशीच ग्रामसभेलाही न्या. वही वाचल्याशिवाय सही करू देऊ नका. पाणी कोणाच्या शेतात जायचे ते त्या वहीत ठरते.