बॉस्टनशी भांडण, कोल्हापुरात शाळा

१८५२च्या अखेरीस रेव्हरंड रॉयल गूल्ड वाइल्डर आणि त्यांची पत्नी एलायझा अहमदनगरहून कोल्हापुरात राहायला आले, तेव्हा हिंदुस्थानात आगगाडी नव्हती. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला अजून काही महिने होते, आणि कोल्हापूरला रूळ पोचणार होते थेट १८९१मध्ये. नगर ते कोल्हापूर हा सगळा पल्ला बैलगाडी, मेणा नाहीतर घोड्यावरून कापायचा, आणि वाटेतल्या नद्यांना पाणी असेल तर नावेची वाट बघत काठावर बसायचं. एवढं करून पोचल्यावर स्वागत कसं झालं, तर या पाद्र्याला संस्थानाबाहेर घालवून द्यावं म्हणून गावातल्या मंडळींनी अर्ज केला, असं मिशनचे जुने वृत्तांत सांगतात.

अर्ज फेटाळला गेला. दांपत्य राहिलं. मात्र पुढच्या दहा वर्षांत या दोघांना जो सगळ्यात कडवट विरोध झाला, तो करवीरच्या पेठांतून आला नाही. तो आला त्यांना इथे धाडणाऱ्या बॉस्टनच्या कचेरीतून.

रॉयल वाइल्डर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८१६चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ब्रिडपोर्ट गावचा. मिडलबरी कॉलेजातून ते १८३९मध्ये पदवीधर झाले, अँडोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेतून १८४५मध्ये बाहेर पडले. १८४६मध्ये एलायझा जेन स्मिथ यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी नवरा-बायको जहाजात बसले. सुएझ कालवा १८६९मध्ये खुला झाला. त्याआधी अमेरिकेतून मुंबईला यायचं म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून, शिडाच्या जहाजातून, चार-चार महिने. परदेशी जाणाऱ्या मिशनरीनं लग्न करूनच निघावं असा त्या काळी आग्रह असे, त्यामुळे अनेक जोडप्यांचा संसार असा बोटीवरच सुरू होई.

त्यांना पाठवणारी संस्था म्हणजे ‘अमेरिकन बोर्ड’. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी १८१३मध्ये मुंबईत तिचं मराठी मिशन सुरू केलं. १८३१पासून तिचं मोठं ठाणं अहमदनगरला होतं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिथूनच १८४२मध्ये निघालं. याच मिशनच्या मिस सिंथिया फरार नगरात मुलींची शाळा चालवत. ती पाहून आल्यावर जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. वाइल्डर दांपत्याची नगरातली सहा वर्षं नेमकी याच काळातली. शाळा या गोष्टीचं वजन त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं.

एलायझा यांचं नाव बोर्डाच्या कागदात ‘साहाय्यक मिशनरी’ म्हणून येई. सगळ्याच पत्नींचं तसंच येई. पुरुष मिशनरीला परक्या घराच्या उंबऱ्याआत प्रवेश नसे. बायका-मुलींशी बोलणं, त्यांना अक्षर शिकवणं हे सगळं पत्नीच्या वाट्याचं. शिवाय घर, मुलं, आजारपण आणि पाहुणे सांभाळायचे ते वेगळे.

कोल्हापूर त्या वेळी दुखावलेलं संस्थान होतं. १८४४मध्ये गडकऱ्यांचा उठाव झाला, सामानगड-भुदरगडापासून पन्हाळ्यापर्यंत धग लागली आणि तो मोडून काढल्यावर कारभाराची सूत्रं इंग्रजांच्या हाती गेली. गादीवर बाबासाहेब महाराज होते, हुकूम पोलिटिकल अधिकाऱ्याचा चाले. अशा गावात गोरा पाद्री बिऱ्हाड करतो म्हटल्यावर लोकांनी त्याला सरकारचाच माणूस समजावं यात नवल नव्हतं. तो अमेरिकन आहे आणि कंपनी सरकारशी त्याचा चाकरीचा संबंध नाही, हा फरक बाजारात कोण समजावून सांगणार?

कामाची रीत ठरलेली. पावसाळाभर गावात राहून शाळा आणि लिखाण. थंडी पडली की राहुट्या गाडीत घालून खेड्यापाड्यांचा दौरा. बाजार, जत्रा, चावडी, जिथे चार माणसं जमतील तिथे उभं राहून मराठीत बोलायचं आणि छापील पत्रकं वाटायची. रॉयल यांनी मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांवर मराठीत टीका तयार केल्या. त्यांच्या निधनानंतर अमेरिकी चरित्रकोशात हिशेब छापला गेला तो असा: तीसेक वर्षांत तीन हजारांवर गावांत प्रवचनं, तीस लाखांवर पानांची पत्रकं आणि शाळांमधून ३,३०० विद्यार्थी, त्यांत ३०० मुली. मिशनचे आकडे मिशनच्या उत्साहानं मोजलेले असतात हे धरूनही, त्यातला शेवटचा आकडा थांबून बघण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिण महाराष्ट्रात शाळेत बसणाऱ्या तीनशे मुली ही थोडकी गोष्ट नव्हे.

आणि शाळा हाच वादाचा मुद्दा झाला.

१८५४मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस टॉम्प्सन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. अँडरसन हे त्या काळातल्या मिशन-विचारातलं मोठं नाव. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मिशनरीचं काम स्थानिक मंडळी उभी करण्याचं. त्या मंडळीचा पाळक स्थानिक हवा आणि तिचा खर्च तिनंच उचलायला हवा. इंग्रजी शाळांतून कारकून तयार होतात, ख्रिस्ती होत नाहीत. म्हणून त्या बंद कराव्यात, बाकीच्या आटोपत्या घ्याव्यात आणि पैसा व माणसं उपदेशाकडे वळवावीत. या धोरणानं मराठी मिशनमधल्या शाळांवर कात्री चालली. योगायोग असा, की त्याच १८५४ साली लंडनहून चार्ल्स वूड यांचा प्रसिद्ध खलिता आला. त्यानं खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची वाट मोकळी केली. सरकार पैसे द्यायला तयार झालं आणि बॉस्टन शाळांना टाळं लावायला निघालं.

अँडरसन यांच्या विचारात तथ्य नव्हतं असं नाही. परक्यांच्या पैशावर पोसलेली मंडळी परकीच राहते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण वाइल्डर यांच्यापुढे कोल्हापूरचं वास्तव होतं. जिथे वाचता येणारी माणसं मोजकी, तिथे छापील पत्रक वाटून उपयोग काय, आणि शाळाच नसेल तर उद्याचा मराठी पाळक येणार कुठून? शाळेमुळे निदान दार उघडतं, पोर येतं, त्याच्या मागून बाप येतो. कोल्हापूरकर मुलं पाठवत ती अक्षर आणि हिशेब शिकायला, बायबलच्या तासासाठी नव्हे, हेही रॉयल यांना कळत असणारच. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

१८५७मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे दांपत्य अमेरिकेला परतलं. त्याच वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरातली २७वी पलटण उठली, डिसेंबरात शहरानं पुन्हा डोकं वर काढलं. महाराजांचे बंधू चिमासाहेब यांना पुढे कराचीला धाडण्यात आलं. इकडे ही धामधूम चालू असताना तिकडे बॉस्टननं कोल्हापूरचं ठाणं बंद करण्याचा निर्णय घेतला. वाइल्डर यांचा आणि बोर्डाचा संबंध तुटला. गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. बोर्डाच्या हिंदुस्थानातल्या मिशन शाळांवर त्यांनी १८६१मध्ये एक जाडजूड पुस्तकच छापलं आणि भांडण चव्हाट्यावर आणलं.

मग त्याच साली, पगाराची हमी नाही, पाठीशी संस्था नाही अशा स्थितीत हे दोघं पुन्हा कोल्हापुरात आले. पुढची नऊ-दहा वर्षं मिशन चाललं ते मित्रांच्या देणग्यांवर. अमेरिकेतले ओळखीचे पैसे पाठवत, इथले काही इंग्रज अधिकारी मदत करत. २ ऑगस्ट १८६३ला त्यांच्या घरी रॉबर्टचा जन्म झाला, कोल्हापुरात, ऐन पावसाळ्यात. १८७०मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं हे काम आपल्याकडे घेतलं. अमेरिकन बोर्डानं सोडलेलं कोल्हापूर आता दुसऱ्या मोठ्या संस्थेचं ठाणं झालं, आणि त्यातूनच पुढे तिचं ‘वेस्टर्न इंडिया मिशन’ वाढलं.

उष्ण कटिबंध गोऱ्या माणसाला मानवत नाही, हा त्या काळचा ठाम समज. कॉलरा आणि तापानं किती मिशनरी कुटुंबांची पोरं इथल्या मातीत गेली, ते जुन्या दफनभूमींतले दगड सांगतात. पण प्रवासाचा धोका एकेरी नव्हता. १८७०मध्येच कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. त्यांचं दहन आर्नो नदीच्या काठी झालं. तिथली त्यांची छत्री आजही कोल्हापूरचे प्रवासी आवर्जून बघून येतात.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर रॉयल यांची तब्येत पुन्हा खचली. कुटुंब न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला स्थायिक झालं. तिथे १८७८मध्ये त्यांनी ‘द मिशनरी रिव्ह्यू’ हे मासिक सुरू केलं आणि त्यातून मिशन संस्थांच्या कारभाराचा, विशेषतः पैशाच्या हिशेबाचा, बेधडक समाचार घेतला. बॉस्टनशी सुरू झालेलं भांडण असं छापून येत राहिलं. प्रिन्स्टनच्या याच घरात रॉबर्ट आणि त्याचे कॉलेजमित्र जमत. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनसेवेची तयारी दाखवली. त्यामागे कोल्हापुरात जन्मलेला हा रॉबर्ट होता. त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ उभी राहिली आणि तिच्यामार्फत पुढच्या काही दशकांत हजारो अमेरिकी तरुण आशिया-आफ्रिकेत गेले.

१० ऑक्टोबर १८८७ला रॉयल वाइल्डर न्यूयॉर्कमध्ये वारले. एलायझा यांनी त्यानंतर जे केलं ते मिशनच्या इतिहासात ओळ-दोन ओळींत उरकलं जातं. पहिल्या समुद्रप्रवासाला एक्केचाळीस वर्षं होऊन गेली होती, नवरा गेला होता, मुलगे अमेरिकेत होते. लेकीच्या, मुलाच्या घरी उरलेलं आयुष्य काढलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्या मुलगी ग्रेस हिला घेऊन पुन्हा कोल्हापूरला आल्या आणि बायकामुलींमधलं जुनं काम मायलेकींनी परत हाती घेतलं. कागदावरची ‘साहाय्यक’ आता स्वतःच्या बळावर उभी होती.

तोवर मिशन कोल्हापूरपुरतं उरलं नव्हतं. रत्नागिरी, पन्हाळा, सांगली, कोडोली, वेंगुर्ले अशी ठाणी होत गेली. १८८९मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस आले आणि मिरजेत त्यांनी जे रुग्णालय वाढवलं, त्यानं मिरजेला वैद्यकीय नगरी केलं. कोल्हापुरात मेरी वॉनलेस हॉस्पिटल आणि एस्तेर पॅटन हायस्कूल या नावांमागे हीच परंपरा आहे. काही घराण्यांनी तर इथे पिढ्या घालवल्या. गोहीन कुटुंबातले थोरले कोल्हापूर मिशनमध्ये, त्यांचा मुलगा वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात डॉक्टर. नातू रॉबर्ट गोहीन १९१९मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला, प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत राहिला.

ख्रिस्ती मंडळी मात्र संख्येनं कायम लहान राहिली, आणि त्यात मोठा भरणा गावकुसाबाहेरच्या कुटुंबांचा होता. त्यांच्या दृष्टीनं शाळा आणि वसतिगृह हेच मिशनचं खरं दान होतं. संस्थानात सगळ्यांच्या मुलांना शाळेत बसवण्याचा प्रश्न मिशनच्या आवाक्याबाहेरचा होता. तो शाहू महाराजांनी हाती घेतला आणि १९१७पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. मिशनमधून वाढलेल्या मंडळ्या १९७०मध्ये स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त मोठ्या प्रमाणावर सामील झाल्या आणि त्या चर्चचा कोल्हापूर धर्मप्रांत झाला. शहरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च रॉयल यांचं नाव सांगतं.

बॉस्टनचं काय झालं? अँडरसन १८६६मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या धोरणाची पकड हळूहळू सैल पडली. एकोणिसावं शतक संपेपर्यंत अमेरिकन बोर्डाच्या मराठी मिशननं मुंबईत आणि नगरात स्वतःच्या माध्यमिक शाळा उभ्या केल्या होत्या, त्याही इंग्रजी शिकवणाऱ्या. त्याच परंपरेत वाढलेल्या डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं, वाइल्डर दांपत्य जिथून बैलगाडीत सामान भरून कोल्हापूरला निघालं होतं त्याच शहरात.